बालज्वर आणि घरची शुश्रूषा

राज्यांचे तह, जमिनींचे सारे आणि वतनांचे वाद ह्यांची दप्तरे आपल्याकडे खंडीने सापडतात. पण दीड-दोन वर्षांचे मूल दिवसभर अंगणात खेळून तिन्हीसांजेला एकाएकी आईच्या मांडीत शिरले, त्याच्या कपाळाचा हाताला चटका बसला, आणि मग त्या घरातील वडीलधाऱ्या बाईने रात्रभर काय काय केले, ह्याची नोंद ठेवण्याचे कोणत्याही कारकुनाला कारण पडले नाही. वैद्य पाच कोसांवर, डॉक्टर तालुक्याच्या गावी आणि ओढ्याला पूर, अशा स्थितीत मराठी मुलखातील असंख्य बालकांचे जगणे-वाचणे त्या एका रात्रीवर अवलंबून राहिलेले आहे. त्या रात्रींचा इतिहास वैद्यकाच्या पोथ्यांतून, व्रतवैकल्यांतून, इंग्रजी अमदानीतील कायद्यांतून आणि औषधांच्या बाटल्यांवरून तुकड्यातुकड्यांनी वेचावा लागतो. तो वेचता वेचता माझी अशी खात्री पटली आहे की, ह्या परंपरेतील औषधे आली आणि गेली, पण तिचे खरे बळ औषधात नसून मुलाकडे बारकाईने पाहण्यात होते. आणि त्या पाहण्याला जेव्हा शास्त्राची जोड मिळाली तेव्हा मुले वाचली.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे अंग सर्वस्वी बालकांना वाहिलेले आहे, आणि त्या अंगाचा प्रमुख ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. हा ग्रंथ शतकानुशतके दृष्टीआड होता. नेपाळात त्याची खंडित ताडपत्री हाती लागली आणि राजगुरू हेमराज शर्मा व वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य ह्यांच्या परिश्रमाने १९३८ साली तो छापून निघाला. त्यातील वेदनाध्याय मला विशेष मोलाचा वाटतो. ज्याला बोलता येत नाही अशा रोग्याला काय दुखते हे वैद्याने ओळखावे कसे, असा प्रश्न घेऊन हा अध्याय चालतो. कान दुखत असेल तर मूल हाताने कानाला स्पर्श करते व डोके हलविते. ज्वर यावयाचा असेल तर ते पुनःपुन्हा अंग वाकविते, जांभया देते, खोकते, कारण नसताना धात्रीला बिलगते, स्तनपानाविषयी त्याला आवड राहात नाही, कपाळ अतिशय तापते आणि पाय मात्र गार लागतात. कपाळ तापलेले व पाय गार, ही जोडी ज्या बाईने रात्री मुलाच्या अंगावरून हात फिरविला आहे तिला शिकवावी लागत नाही. ग्रंथकाराने ती कोठून घेतली असेल ह्याचा विचार केला म्हणजे असे वाटते की, शास्त्राने येथे मातांच्या आणि दायांच्याच अनुभवाला सूत्ररूप दिले असावे.

चरकाच्या मते ज्वर हा दक्षयज्ञाच्या प्रसंगी रुद्राच्या क्रोधातून उत्पन्न झाला व तो सर्व व्याधींमध्ये अग्रगण्य आहे. कथा पौराणिक असली तरी तिच्या पाठोपाठ येणारी चिकित्सा अगदी व्यवहारी आहे. तहानलेल्या ज्वरिताला नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधबाला आणि सुंठ ही सहा द्रव्ये घालून उकळलेले व निवविलेले पाणी द्यावे, असे तो सांगतो. ह्या षडंगोदकातील वनस्पतींचा गुण काय तो तज्ज्ञांनी ठरवावा. परंतु तापात पाणी द्यावे, ते उकळून द्यावे आणि थोडेथोडे द्यावे, ह्या तीन गोष्टींना आजचा कोणताही बालरोगतज्ज्ञ मान डोलावील. लंघन हे ज्वराचे मोठे औषध मानले गेले असले, तरी त्यातून बालक, वृद्ध आणि गर्भिणी ह्यांना प्राचीनांनी विवेकाने वगळले होते. दुर्दैवाने पोथीतला हा अपवाद माजघरापर्यंत नेहमीच पोहोचला नाही, आणि आधीच कृश असलेल्या मुलांना ‘ताप आहे, पोटाला काही देऊ नका’ म्हणून उपाशी ठेवण्याची चाल अगदी अलीकडेपर्यंत घरोघर टिकून राहिली. महाराष्ट्रात हे वैद्यक रसाळ करून सांगणारा मोठा माणूस म्हणजे जुन्नरचा लोलिंबराज. त्याने आपला ‘वैद्यजीवन’ हा ग्रंथ प्रिय पत्नीशी संवाद करीत रचला, आणि त्याचा पहिलाच विलास, म्हणजे प्रकरण, ज्वरावर खर्ची घातला. कारण घरात जो रोग सर्वांत आधी व सर्वांत अधिक वेळा येतो तो ताप, हे त्याला पक्के ठाऊक होते.

माजघरातील उपचारांचे केंद्र म्हणजे सहाण. घोटून गुळगुळीत झालेल्या त्या दगडावर आईच्या दुधात किंवा उकळून निवविलेल्या पाण्यात एकेक जिन्नस उगाळला जाई: हिरडा, मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ, अतिविष, नागरमोथा, काकडशिंगी, डिकेमाली, सागरगोटा. ह्या बाळगुटीत मात्रेचे मोजमाप वजनाने होत नसून ‘वेढ्यां’नी, म्हणजे सहाणेवर उगाळण्याच्या फेऱ्यांनी, होत असे. मूल चार महिन्यांचे असता जायफळाचा एक वेढा, मूल वाढेल तसे वेढे वाढवावयाचे. पोट बिघडले तर मुरडशेंग अधिक, कफ झाला तर वेखंड अधिक. उगाळणाऱ्या बाईच्या मनगटात हे सारे प्रमाण साठविलेले असे आणि सुनेने ते सासूच्या शेजारी बसून पाहून घ्यावयाचे. मुलाला कणकण वाटू लागली की कपाळावर सुंठेचा लेप, टाळूला तेल, आणि ताप चढलाच तर मिठाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या धडप्याच्या घड्या. घडी ऊन झाली की ती काढून दुसरी ठेवावयाची. हे काम घड्याळाकडे पाहून होत नसे, हाताखालची घडी किती वेळात तापते ह्यावरून तापाचा जोर कळत असे. ह्या सर्व खटाटोपात वैद्यकीय गुण किती आणि मनाला आधार किती, हे वेगवेगळे काढणे कठीण आहे. पण गुटी पाजताना मूल गिळते की ओकते, रडते की नुसते कण्हते, आईकडे पाहते की डोळे फिरविते, हे दर घटकेला पाहिले जात होते, हा त्याचा निर्विवाद लाभ होता.

सर्वांत भयंकर ताप देवीचा. तीन दिवस मूल तापाने फणफणे, मग अंगावर पुरळ उठे, आणि मग घराचे सर्व व्यवहार एका निराळ्याच कायद्याखाली येत. दारावर कडुनिंबाचे डहाळे लागत, मुलाच्या अंथरुणावर निंबाचा पाला पसरला जाई, घरात फोडणी घातली जात नसे, बाहेरच्या माणसाला आत येण्याची बंदी होई, आणि मुलाशी चढ्या आवाजात कोणी बोलत नसे. कारण त्याच्या अंगी प्रत्यक्ष देवी आली आहे, अशी भावना असे. शीतळादेवीला दहीभाताचा थंड नैवेद्य दाखविला जाई. मुंबईत माहीमला आणि रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्यात चौलला असलेली शीतळादेवीची देवळे ह्या भयाची आणि ह्या भक्तीची साक्ष आहेत. देवी हा रोग संसर्गाने पसरतो हे ज्ञान त्या भावनेत नव्हते. तरीही बाहेरच्यांना मज्जाव, मुलाला विश्रांती, थंड व मऊ अन्न आणि अष्टौप्रहर कोणी तरी उशाशी, एवढी शुश्रूषा तिने घडवून आणली. रोग मात्र तिने हटविला नाही. जी मुले वाचत त्यांपैकी कित्येकांचे डोळे जात, आणि जी जात त्यांची गणती कोणी केली नाही.

ह्या भयाला पहिली तड मुंबईत गेली, आणि तीही एका लहान मुलीच्या दंडावर. इंग्लंडात जेन्नरने शोधलेली गोस्तनदेवीची लस बगदाद व बसरा ह्या मार्गाने माणसाकडून माणसाकडे जिवंत ठेवीत आणली गेली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती मुंबईत टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वीपणे देवी काढलेले हे पहिले बालक होय. तिच्या दंडावरील फोडातून घेतलेली लस पुढे पुणे, सुरत, मद्रास अशी देशभर रवाना झाली. पुढे मुंबई शहरासाठी १८७७ साली कायदा होऊन मुलांना देवी काढणे सक्तीचे झाले, आणि इलाख्याच्या गावोगाव ‘देवी डॉक्टर’ हिंडू लागला. तो गावात आला म्हणजे आया मुलांना घेऊन मळ्यात लपत, कारण तेव्हाच्या पद्धतीत एका मुलाच्या दंडावरची लस काढून दुसऱ्याला टोचली जाई आणि तो प्रकार घरच्यांना साहजिकच नकोसा वाटे. टोचल्यावर काही दिवसांनी मुलाला ताप येई. हा ताप घरच्या इतिहासात अगदी नव्या जातीचा होता: तो येणार हे आधी ठाऊक असे, तो कशासाठी आला हे ठाऊक असे, आणि तो उतरणार ह्याचीही बहुतेक खात्री असे. तापाला न भिता त्याची वाट पाहावी, असा प्रसंग मराठी आईवर ह्यापूर्वी कधी आला नव्हता. मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज येथे देवीचा देशातील शेवटचा रोगी सापडला. मानवजातीने पुरता उखडून काढलेला हा पहिला रोग, आणि त्याची आपल्याकडील कथा एका तीन वर्षांच्या मुलीपासून सुरू होते.

हिवतापाची गोष्ट निराळी. निलगिरीत सरकारने कोयनेलसाठी (क्विनीनसाठी) सिंकोनाची झाडे लावली, आणि १८९२ साली बंगाल प्रांतात टपाल कचेरीतून पैशाला एक ह्या दराने कोयनेलची पुडी विकण्याची तजवीज झाली. ती पुढे इतर प्रांतांतही पसरली. थंडी वाजून येणारा ताप आणि नुसता ताप ह्यांतील भेद घरच्या बायकांना पूर्वीपासून कळत होता. आता त्या भेदाला एक विशिष्ट औषध मिळाले. कडूजहर कोयनेल मुलाला पाजताना गुळाचा खडा, मध, नाक धरणे, दटावणे, गोंजारणे हे सर्व उपाय करावे लागत. पण पाळीचा ताप खरोखर हटतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

ह्याच काळात मुंबईच्या गिरणगावात एक दुःखद प्रकार वाढीला लागला. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या स्त्रिया पहाटे गिरणीत जात. खोलीत राहिलेले तान्हे मूल रडू नये, दुखणाईत असले तरी झोपून राहावे, म्हणून त्याला अफूची बाळागोळी देण्याची चाल सर्रास पडली. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली कमिशनने मजुरांच्या स्थितीची चौकशी केली तेव्हा ही गोष्ट सरकारी अहवालात आली. ह्या मातांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. दहा तास यंत्रासमोर उभे राहणाऱ्या बाईजवळ सहाणही होती आणि मायाही होती. तिच्याजवळ नव्हता तो वेळ. अफूने मूल शांत होई आणि त्याच शांततेत त्याच्या आजाराची सर्व लक्षणे बुडून जात. घरच्या शुश्रूषेतून पाहणे वजा केले म्हणजे मागे काय उरते, ह्याचे ह्याहून विदारक उदाहरण मला ठाऊक नाही.

पाहण्याला मोजण्याची जोड दिली ती युरोपातील वैद्यकाने. जर्मनीत लाइपझिग येथे वुंडरलिख ह्याने सुमारे २५,००० रोग्यांच्या शरीरोष्णतेची टिपणे केली आणि १८६८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध करून असे दाखवून दिले की, ताप हा स्वतः रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे, आणि त्याच्या चढउतारावरून रोग ओळखता येतो. त्याच सुमारास इंग्लंडात ऑलबट ह्याने पाच मिनिटांत उष्णता दाखविणारा, खिशात मावेल असा सहा इंची थर्मामीटर तयार केला. त्यापूर्वीची उपकरणे लांबलचक होती व त्यांना वीस-वीस मिनिटे लागत. हे काचेचे यंत्र आपल्याकडे प्रथम डॉक्टरच्या खिशात, मग वकील-कारकुनांच्या कपाटात आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरी मध्यमवर्गाच्या घरोघर आले. झटकून पारा खाली आणावयाचा, मुलाच्या काखेत धरून त्याचा हात दाबून ठेवावयाचा, मग उजेडाकडे तिरपे करून ती चंदेरी रेघ शोधावयाची, आणि आकडा वहीत लिहावयाचा. मुदतीच्या तापात तर हे तक्ते एकवीस-एकवीस दिवस चालत. सकाळचा आकडा, दुपारचा आकडा, रात्रीचा आकडा. कपाळावरच्या मिठाच्या पाण्याची जागा ज्यांना परवडे त्यांच्याकडे कोलन वॉटरने घेतली. गल्लीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर बाटलीत तांबूस मिक्श्चर भरी आणि बाहेरून खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवून देई. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक वेळचे औषध. उगाळण्याच्या वेढ्यांकडून कागदाच्या खाचांकडे झालेला हा प्रवास अवघ्या दोन पिढ्यांचा आहे. थर्मामीटरने आजीचा हात खोटा पाडला नाही. हाताने जे कळत होते ते चार कोसांवरच्या डॉक्टरला चिठ्ठीवाटे कळविता येईल असे त्याने केले. ‘अंग फार कढत आहे’ ह्या वाक्यावरून दूरचा वैद्य काही ठरवू शकत नव्हता. ‘काल सायंकाळपासून १०३’ ह्यावरून ठरवू शकत होता.

औषधांच्या इतिहासात घाईचे परिणाम पुनःपुन्हा दिसतात. १८९९ साली बाजारात आलेली ॲस्पिरिन जगभर लहान मुलांच्या तापावर दिली गेली. पण १९६३ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर राय ह्यांनी मेंदू व यकृत ह्यांना ग्रासणारा एक घातक विकार वर्णिला, पुढे त्याचा ॲस्पिरिनशी संबंध ध्यानात आला, आणि १९८० नंतरच्या दशकात मुलांच्या तापातून ती हद्दपार झाली. तिची जागा पॅरासिटामॉलने घेतली, जे एकोणिसाव्या शतकातच तयार झालेले असूनही १९५५ च्या सुमारास मुलांचे औषध म्हणून रूढ झाले. भारतात ताप झटकन उतरविणारे म्हणून निमेसुलाइड मुलांना भरमसाट दिले जात होते. २०११ मध्ये बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर सरकारने बंदी घातली. ताप उतरला म्हणजे रोग गेला, ही समजूत वुंडरलिखनंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी आपल्यातून गेलेली नाही. जंतूंशी झगडताना शरीर आपण होऊन आपली उष्णता वाढविते. औषध द्यावयाचे ते मुलाची तगमग कमी व्हावी, त्याने पाणी प्यावे, त्याला झोप लागावी एवढ्यासाठी, पारा खाली आणण्याच्या हट्टासाठी नव्हे.

परंपरेचा गौरव करताना तिच्यातील अपाय झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. तापलेल्या मुलाला घोंगडीत गुंडाळून घाम काढणे, बिब्ब्याचे डाग देणे, मेळघाटासारख्या भागात तर तान्ह्याच्या पोटाला तापलेल्या विळ्याने डागणे, ह्यांनी मुलांचे हाल केले आणि काहींचे प्राणही घेतले. तापात आकडी आली की कांदा फोडून नाकाशी धरावयाचा, दातखीळ उघडण्यासाठी तोंडात चमचा घालावयाचा, हेही घरोघर चाले. सहा महिने ते पाच वर्षे ह्या वयात शंभरातील दोन ते पाच मुलांना तापात अशी आकडी येते. बहुतेकांची ती काही मिनिटांत आपोआप थांबते. मुलाला कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये, वेळ पाहावी आणि मग डॉक्टर गाठावा, एवढेच त्या वेळचे कर्तव्य. येथेही पुन्हा पाहणे हेच मुख्य ठरते.

ह्या पाहण्याला शास्त्राची सर्वांत सुंदर जोड मिळाली ती आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीच्या जंगलमुलखात. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ पासून तेथे ‘सर्च’ ह्या संस्थेद्वारा काम आरंभिले. ताप-खोकल्याने मरणारी मुले बहुधा न्यूमोनियाने मरतात आणि त्यांच्यापर्यंत डॉक्टर पोहोचत नाही, हे पाहून त्यांनी गावातील कार्यकर्त्यांना आणि निरक्षर दायांना मुलाचे श्वास मोजावयास शिकविले. ज्यांना अंक येत नव्हते त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी ह्यांचे साधन बनविले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या मुलाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक झाले, म्हणजे न्यूमोनियाची शंका धरून औषध सुरू करावयाचे. ह्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू त्या गावांत शेजारच्या गावांच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले होते. वेदनाध्यायात बालकाची मूक लक्षणे वाचणारी जी दृष्टी आहे, तीच दृष्टी येथे वाळू आणि मणी घेऊन झोपडीत बसली होती. फरक एवढाच की आता तिच्या निर्णयामागे परीक्षित ज्ञान होते आणि हातात गुण येणारे औषध होते.

म्हणून आजच्या तरुण आईबापांना माझे सांगणे थोडकेच आहे. सहाण आणि सुंठ ठेवा किंवा नका ठेवू, त्याने फारसे बिघडत नाही. पण उशाशी बसण्याची रीत सोडू नका. थर्मामीटरचा आकडा आणि वेळ लिहून ठेवा. मुलाला हलके कपडे घाला, पाणी, पेज, दूध थोडे थोडे पाजत राहा. औषध वजनाप्रमाणे डॉक्टरने सांगितले तेवढेच द्या. मूल तीन महिन्यांच्या आतले असून ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक असेल, श्वास जलद चालत असेल वा बरगड्या आत ओढल्या जात असतील, मूल पाणी पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, मान आखडली असेल, ते जागे करूनही नीट जागे होत नसेल किंवा त्याला आकडी आली असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्या. घरच्या शुश्रूषेची थोरवी घरातच अडकून राहण्यात नाही. दवाखाना केव्हा गाठावयाचा हे वेळेवर ओळखण्यात ती आहे.